आसरामायचं तळं

आमच्या घरात 'शे' म्हणायला बंदी होती. गाव शिंदखेड्याच्या बाजूचं. बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या गावात 'शे' चालायचं, दुकानात, देवळात, बारशाला, भांडणाला. फक्त हेडमास्तरांच्या उंबऱ्याच्या आत 'आहे' लागायचं. हेडमास्तर म्हणजे माझे वडील. गाव त्यांना नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायची. माझ्या तोंडून चुकून 'शे' निसटलं की पाटीवर पन्नास वेळा 'आहे' लिहावं लागे. नाना पाटी उजेडाकडे धरून प्रत्येक 'ह' नीट वळला आहे का ते बघत, आणि मगच मला जेवायला बसू देत. आईला पाटी कशी देणार? तिच्यासाठी त्यांनी वेगळी रीत काढली होती. वाढताना ती 'आखो एक भाकर शे, लेतस का?' असं बोलून गेली की नाना हातातला घास तसाच धरून थांबायचे. रागवायचे नाहीत, एक शब्द बोलायचे नाहीत. नुसते ताटाकडे बघत राहायचे. आई तेच वाक्य शुद्ध करून म्हणायची, मग घास तोंडात जायचा. लग्नाला काही वर्षं झाल्यावर आईने यावर स्वतःपुरता उपाय काढला. ती त्यांच्यासमोर बोलेनाशीच झाली. मास्तरीणबाई किती शांत स्वभावाच्या, असं गावात तिचं कौतुक व्हायचं. मला ते कौतुक आजही आठवलं की चीड येते.

नाना वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. वाईट माणसाबद्दल लिहिणं सोपं असतं. ते कधी कोणाच्या पैशाला शिवले नाहीत, त्यांनी कोणाच्या मुलाला जात बघून मागे बसवलं नाही. त्यांना एकच व्यसन होतं, तांबड्या शाईचं. खिशाला दोन पेनं असायची आणि त्यातलं तांबडं आधी झिजायचं. लग्नाच्या पत्रिका लोक छापायच्या आधी त्यांच्याकडे आणत, हे ठीक; पण छापून वाटलेल्या पत्रिकाही ते दुरुस्त करून परत पाठवत. चौकातल्या मारवाडी शेठच्या दुकानावर 'किराना' लिहिलं होतं. नानांनी त्याला सहा महिने छळलं. शेवटी त्याने 'न'चा 'ण' करून घेतला आणि गुळाचा खडा घेऊन घरी आला. 'मास्तरजी, माल तो वोही रहेगा ना?' असं त्याने हसत विचारलं. नाना हसले नाहीत. शब्द शुद्ध झाला की माल आपोआप चांगला होतो, असं त्यांना खरोखर वाटत असावं.

आता तळ्याबद्दल सांगते, कारण हे प्रकरण त्याचंच आहे. तिसरीच्या वर्गाला नाना गावचा भूगोल शिकवायचे आणि त्यासाठी आम्हाला बांधावर उभं करायचे. दक्षिणेच्या टेकड्यांमधून एक नाला यायचा. तो गावाच्या वरच्या अंगाला जुन्या मातीच्या बांधाने अडवला होता. बांध कोणी घातला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पश्चिमेला कपाशीची रानं, पूर्वेला बाभूळबन आणि मधोमध एक डोह, ज्याचा तळ कोणी पाहिला नव्हता. गावातल्या विहिरी मचूळ होत्या. त्या पाण्यात साबणाला फेस येत नसे आणि तुरीची डाळ दोन तास उकळली तरी दाणा दाण्याला ओळख द्यायचा नाही. तळ्याचं पाणी मात्र गोड. त्या पाण्यावर डाळ अशी शिजायची, की पळीने एकदा ढवळली की झाली. म्हणून सकाळी उजाडताना बठ्ठ्या गावच्या बाया हंडे घेऊन बांधावर असायच्या. आईही असायची. तिथे ती भरपूर बोलायची. मी तिच्यामागे कळशी घेऊन जायची आणि मला नेहमी नवल वाटायचं, की ही हसणारी, दुसरीच्या पाठीवर थाप मारणारी बाई कोण, आणि घरी परतताना बांधाच्या कुठल्या पायरीवर ती थांबून जाते.

तळ्याची राखण भोयांकडे होती. पाच-सहा घरं बाभूळबनाच्या कडेला होती आणि त्यांत वयाने आणि तोंडाने सगळ्यांत मोठी भागाअक्का. काळी, उंच, नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. दोन मोठी मडकी पालथी बांधून त्यांच्यामधल्या फळीवर बसून ती तळ्यावर फिरायची आणि शिंगाड्याचे वेल वर उचलून फळं तोडायची. दिवाळीच्या पुढे तिच्या अंगणात मोठ्या पातेल्यात शिंगाडे उकडत असायचे. चिखलाचा आणि गोडसर कसला तरी मिळून एक वास यायचा. काळी साल दातांनी फोडली की आत पांढरा, पिठाळ गर. साल ओठांना काळं करायची आणि घरी गेल्यावर नानांना त्यावरून कळायचं, की मी भोयांकडे जाऊन आले. ते शिंगाड्याला नाही म्हणत नसत, फक्त 'तिथे काय बोललीस?' असं विचारत.

बांधाच्या टोकाला करंजाच्या झाडाखाली शेंदूर फासलेले सहा धोंडे होते. त्या आसरा. पाण्यातल्या सात बहिणी. भागाअक्का सांगायची, की त्या टेकड्यांमधून नाल्याच्या पाण्याबरोबर चालत आल्या आणि थकून करंजाखाली बसल्या. धाकटीला भूक लागली होती. ती शिंगाडा तोडायला पाण्यात उतरली आणि तिला पाणी इतकं आवडलं, की ती परत काठावर आलीच नाही. म्हणून काठावर सहा आणि सातवी डोहात. 'धाकली पानीमा शे, म्हनीसन पानी शे,' असं ती म्हणायची, आणि ते वाक्य मला भूगोलाच्या सगळ्या धड्यांपेक्षा पक्कं पटलेलं होतं. गावातली कोणतीही बाई बाळंत झाली की सव्वा महिन्याने आसरांची ओटी भरायची. हिरव्या बांगड्या, दहीभात, लिंबू, आणि ज्याला परवडेल त्याने कोंबडं. ओटी भोयांच्या हातूनच जायची. पाणी साफ ठेवणं, बुडालेलं जनावर बाहेर काढणं, आसरांना दिवा लावणं हे भोयांचं, आणि त्याबद्दल शिंगाडा आणि मासळी भोयांची. याचा कागद कुठेही नव्हता. शेठच्या घरची सूनसुद्धा गुपचूप ओटी पाठवायची, कोंबड्याऐवजी नारळ. गाव तळ्याला आसरामायचं तळं म्हणायचं. घाईत बोलताना त्याचं 'आसराम्हाय' व्हायचं, आणखी घाईत 'आसराम'.

मी जन्मले तेव्हा सातव्या महिन्यातली, मुठीएवढी. दवाखाना धुळ्याला. नाना तिथे जाण्यासाठी गाडीची सोय करायला गेले तेवढ्यात आईने भागाअक्काला बोलावलं. भागाअक्काने मला पदरात घेऊन तळ्यावर नेलं, डोहाचं पाणी माझ्या टाळूला लावलं आणि पोर जगली तर दरसाल ओटी, असं आईच्या वतीने बोलून टाकलं. मी जगले. धुळ्याच्या डॉक्टरमुळे की आसरांमुळे, हा वाद घरात कधी झाला नाही, कारण नानांना हे कधी कळलंच नाही. दर चैत्रात आई कळशीखाली खण लपवून न्यायची. मी मोठी झाल्यावर तिने मला हे एकदाच सांगितलं, तेही बांधावर, घरात नव्हे.

मी सातवीत गेले तेव्हा दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. आधीच्या पावसाळ्यात नाला एकदाही वाहिला नव्हता. माघात तळ्याच्या कडांना भेगा पडल्या, फाल्गुनात बाया तळाला झिरे खणून वाटीवाटीने पाणी भरू लागल्या. एका हंड्याला अर्धी सकाळ जायची. घरात रेशनची तांबडी मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशात अडायची. आई ती नानांना वाढताना खाली बघायची, जणू मिलो तिनेच पिकवली होती. आणि त्याच दिवसांत डोह आटला आणि सातवी दिसली. हातभर लांबीचा गुळगुळीत, काळा दगड. त्याला शेंदूर नव्हता, शेवाळाची वाळलेली पापडी होती. पुरुष बघायला गर्दी करू लागले तेव्हा भागाअक्काने स्वतःचं एक जुनेर आणून त्या दगडावर पांघरलं आणि चार कोपऱ्यांना खडे ठेवले. बाईमाणूस उघडं पडलं आहे, बघायला काय येता, असं ती त्यांना म्हणाली. ते ऐकून मोठमोठे बाप्ये माघारी फिरले.

सरपंच आबा आमच्याकडे आले ते याच सुमारास. आबांना तळ्यावर दुष्काळी काम हवं होतं. गाळ काढायचा, बांध उंच करायचा, जमलं तर एक घाट. गावाच्या हाताला काम नव्हतं आणि तरणी माणसं गुजरातेत चालली होती, हे मी त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. पण प्रत्येक गाव अर्ज करत होतं. आपल्या तळ्यात असं काय आहे, की कचेरीतल्या साहेबांनी आधी आपल्याकडे बघावं, हा आबांचा प्रश्न होता. त्यांनी कचेरीतून जुन्या नकाशाची नक्कल आणली होती. त्यावर कोणा कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं होतं: 'आसराम तलाव'. नानांनी चष्मा लावला, तो शब्द वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला ठाऊक असलेलं ते समाधान आलं, जे वहीत चूक सापडल्यावर यायचं. त्यांनी तांबडं पेन काढलं आणि नकलेवरच 'आसराम' खोडून वर लिहिलं: 'आश्रम'.

मी तिथेच बसले होते. आई चहा घेऊन दारात उभी होती. तिने कपबशी तिथेच उंबऱ्यावर ठेवली. नानांनी वर पाहिलं, तशी ती आत गेली.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस नाना इतके आनंदात होते, की मला अजून त्यांचा तो आनंद विसरता येत नाही. अर्जाच्या पहिल्या खर्ड्यात नुसताच आश्रम होता. दुसऱ्यात तो एका थोर ऋषींचा झाला. तिसऱ्यात बाभूळबनातला मातीचा उंचवटा यज्ञाची वेदी ठरला, आणि तिथे आम्ही पोरी बोरं खायला बसायचो. ते खोटं लिहीत नव्हते. मी हे त्यांच्या बाजूने नाही सांगत, उलट यातच मला त्यांचा जास्त राग येतो. त्यांना खरंच वाटत होतं, की गावाच्या अडाणी तोंडात एक शुद्ध, जुना शब्द इतकी वर्षं घाण होऊन पडला होता आणि आपण तो धुऊन काढला. नक्कल करायचं काम माझं. माझं अक्षर शाळेत पहिलं होतं. मी बोरूने, रेघा आखून, एकही खाडाखोड न करता सहा पानं लिहिली. नानांनी ती तपासली आणि आयुष्यात पहिल्यांदा तांबडं पेन खिशातून न काढता परत दिली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतकी मी खूश होते.

साहेबांनी एक अट घातली. तळ्यावर ज्यांचा वापर आहे त्यांचा जबाब लागेल. मग एका दुपारी भागाअक्काला आमच्या ओट्यावर बोलावलं. आबा खुर्चीवर, नाना चटईवर, शाईचं पॅड आणि कागद पुढ्यात. भागाअक्का खाली पायरीवर बसली. वर बस असं तिला कोणी म्हटलं नाही. आई दाराआड होती, तिच्या बांगड्या मला दिसत होत्या. आबांनी सांगितलं, की गाळ निघेल, पाणी येईल, तुझ्या शिंगाड्याला गुडघाभर जास्त पाणी मिळेल. तिचे डोळे लकाकले. दोन वर्षं तिच्या अंगणातलं पातेलं पालथं होतं. नाना कागद वाचून दाखवायला लागले तशी तिने हात वर केला.

'मास्तरनं वाचेल माले समजत नही. सुमी, तू वाच.'

मी वाचलं. 'हा तलाव पूर्वापार आश्रमाचा तलाव म्हणून प्रसिद्ध असून...' इथे तिने मला थांबवलं. तिच्या कानावर 'आश्रमाचा' पडलं ते तिच्याच तोंडच्या 'आसराम'सारखं.

'आसरामायना ना? तिनंच नाव लिखेल शे ना?'

मला फरक कळत होता. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं आणि इतकी पानं टाळलं. मी तेरा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. आश्रम म्हणजे काय आणि आसरा म्हणजे काय हे मला त्या ओट्यावरच्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होतं, कारण माझ्या टाळूला त्या डोहाचं पाणी लागलेलं होतं. मी नानांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, पण घाबरवत नव्हते. ते वाट बघत होते, की मी 'शे' म्हणते की काय. एवढंच. आणि मलाही त्या क्षणी एवढंच दिसलं. भागाअक्काने तिच्या भाषेत विचारलं होतं आणि उत्तर माझ्या ओठावर त्याच भाषेत आलं होतं. मी ते गिळलं आणि स्वच्छ, खणखणीत म्हटलं, 'आहे.'

नानांनी मान हलवली. पुढचं मी भरभर वाचलं: तलावावर वा काठावर आमचा पूजेचा अथवा उत्पन्नाचा कोणताही हक्क नाही, सुधारणेस आमची हरकत नाही. कागदाची भाषा भरभर वाचली की कोणालाच कळत नाही. दाराआड बांगड्या हलल्या नाहीत. भागाअक्काने अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि उरलेली शाई स्वतःच्या केसांना पुसली. जाताना तिने माझ्या गालावरून हात फिरवला. पोर किती चांगलं वाचते, असं ती आबांना म्हणाली.

आता मी जळगावला मुलाकडे असते. सकाळी सून मला मेहरूणच्या तलावापर्यंत नेते. तिथे बाकावर बसून मी लोकांना चालताना बघते आणि कधी कधी उगाच पाण्याच्या कडेला सात दगड मोजते. काही वर्षांपूर्वी मी एक अर्ज केला, की आमच्या गावच्या तळ्याचं नाव चुकीचं नोंदलं गेलं आहे, ते आसरा असं करावं. उत्तर यायला फार काळ लागला. आलं त्यात लिहिलं होतं, की दप्तरी असलेल्या पुराव्यावरून विनंती मान्य करता येत नाही, आणि सोबत पुराव्याची नक्कल. भागाअक्काचा अंगठा पुसट झाला होता. त्याच्याखाली माझी ओळ: 'वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' खाली माझी सही, कुमारी आणि संपूर्ण नाव. मी ती नक्कल चष्मा लावून पुन्हा पुन्हा पाहिली. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

तेव्हा त्या जबाबावर तळ्याचं काम मंजूर झालं. अर्ध्या गावाने त्या उन्हाळ्यात तळ्यावर खोदलं, खडी फोडली, आणि आठवड्याच्या शेवटी खायला सरकारी सुकडी आणि मजुरी घरी नेली. आमच्याच कागदावर गाव जेवलं असं नाना म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. भोयांची माणसंही खोदायला होती. गाळ काढताना करंजाचं झाड आड आलं, ते पाडलं. सहा धोंडे तात्पुरते बाजूला ठेवतो, घाट झाला की त्यावर मांडू, असं आबांनी भागाअक्काला सांगितलं. सातवीबद्दल कोणी बोललंच नाही. तळ खणला तेव्हा ती दिसेनाशी झाली. फुटली असेल खडीत, असं मुकादम म्हणाला.

त्या वर्षी पाऊस झाला. नाला वाहिला, तळं भरलं, आणि श्रावणात कानबाई बसली. आमच्याकडे कानबाई म्हणजे घरोघर रोटाचा स्वयंपाक, भाऊबंद एकत्र, रात्रभर गाणी आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावरून मिरवत नेऊन पाण्यात विसर्जन. या वेळी विसर्जन नव्या घाटावर. पहिल्याच पायरीवर बाया दाटीने उभ्या राहिल्या, मीही राहिले. पायरीचे दगड ओबडधोबड होते, इतर पायऱ्यांसारखे घडवलेले नव्हते. माझ्या शेजारच्या बाईने कडेला बोट फिरवलं आणि बोट तांबडं झालं. शेंदराची बाजू खाली करून गवंड्याने ते सहाही धोंडे पायरीत बसवले होते. दगड कमी पडले म्हणून, असं त्याने नंतर सांगितलं. ज्यांना कळलं त्या बाया पायरीवरून उतरल्या. ज्यांना नाही कळलं त्या नाचत राहिल्या. आई उतरून बाजूला गाळात उभी राहिली, तिचं लुगडं पोटरीपर्यंत भिजलं.

आठवड्याभराने भोयांनी पाण्यात शिंगाड्याचे वेल सोडले, आणि आबांच्या माणसांनी ते उपटून काठावर फेकले. आश्रमाच्या पवित्र तळ्यात मासळी, कोंबडं, शिंगाडा काही चालायचं नाही, असा ठराव झाला होता. भागाअक्का ओल्या वेलांचा भारा घेऊन सरळ आमच्या ओट्यावर आली. यावेळी ती पायरीवर बसली नाही, उभी राहिली. नानांनी शांतपणे कागदाची प्रत काढली, कोणता हक्क नाही ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, 'अंगठा तुमचा आहे. तुम्हाला वाचून दाखवलेलं आहे.'

'या पोरले मी इचारं व्हतं,' भागाअक्का म्हणाली. माझ्याकडे बोट केलं नाही, नुसतं बघितलं. 'ती म्हननी, आहे.'

तो शब्द तिने सावकाश उच्चारला, परका पदार्थ जिभेवर ठेवून बघावा तसा. नानांनी कागदाची घडी घातली. मला वाटलं, ते आता मला विचारतील, तिने नक्की काय विचारलं होतं. त्यांनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं असं मला वाटतं, पण मी ते कधीच पक्कं करून घेतलं नाही. ते वारले तेव्हाही मी पायाशीच बसलेली होते आणि तेव्हाही विचारलं नाही. भागाअक्काने वेलांचा भारा ओट्यावर ठेवला आणि ती गेली. संध्याकाळपर्यंत ते वेल ओट्यावर पाणी गाळत राहिले.

दसऱ्याच्या आधी भोयांची घरं एकेक करून उठली. भागाअक्काचा भाचा बोदवडला स्टेशनवर हमाल होता, ती त्याच्याकडे निघाली. जायच्या सकाळी ती आमच्या दारावरून गेली. डोक्यावर बांबूची डालकी, वर जुनेर झाकलेलं. आई धावत बाहेर आली आणि डालकी उतरवायला हात लावू लागली, जराशी टेक, पाणी पी, म्हणून. भागाअक्काने डालकीला हात लावू दिला नाही. तिची मान ताठ झाली होती, गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. कपड्यालत्त्याचं ओझं तेवढं नसतं. नाना ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं, काहीही. आणि मी त्यांच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा, ठरवून म्हटलं:

'अक्का, डालकीमा शिंगाडा शे का?'

नानांचं वर्तमानपत्र खाली आलं. भागाअक्का थांबली. शिंगाड्याचे ते दिवसच नव्हते, तळ्यात एक वेल शिल्लक नव्हता, हे तिला आणि मला दोघींना माहीत होतं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

'आहे,' ती म्हणाली.

आणि शिंदखेड्याच्या रस्त्याला लागली. ती वळणापर्यंत जाईतो आई दारात उभी होती. मग आत येऊन तिने डाळ चुलीवर चढवली. तळ्याचं गोड पाणी होतं, डाळ लगेच शिजली.

दुपारी नाना जेवायला बसले. आई वाढत होती, मी समोर होते. वरण वाढता वाढता, कोणाकडेच न बघता, आई म्हणाली, 'धाकलीले लई गयी ती.'

मला तेव्हा कळलं. ते जुनेर, ती ताठ मान. सातवी खडीत फुटलेली नव्हती. माझ्या अंगावर काटा आला आणि जवळजवळ हसूही. नानांनी हातातला घास तसाच धरला आणि ते थांबले. ताटाकडे बघत. नेहमीसारखे. आईने पळी वरणात ठेवली आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. वाक्य पुन्हा म्हणाली नाही. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा म्हणाली नाही. घास हातातच होता, वरणावर साय धरू लागली होती, बाहेर कोणाची तरी गाय हंबरत होती, आणि मला ते थांबणं सहन होईना. आईची पाठ मला दिसत होती. ती पाठ मला गप्प राहा असं सांगत होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

'धाकटीला घेऊन गेली आहे ती,' मी म्हटलं.

मग नाना जेवू लागले.